कार्बोरेटरचे पॅकिंग



या व्यासपीठावर बोलण्याचे आमंत्रण देताना चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला. "कार्बोरेटरचे पॅकिंग" असे आम्ही सांगताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण व्याख्यानाचा विषय?" यात त्यांचा काही दोष नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्यातल्या अशा संध्याकाळी आपण धर्म, इतिहास, राजकारण आणि वाङ्मय यांच्यावरची भाषणे ऐकत आलो. त्या पंक्तीत कागदाच्या एका तुकड्याला पाट मांडायचा म्हणजे जरा विपरीतच. पण ज्या रानड्यांनी ही प्रथा पाडली त्यांनीच १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवली आणि कारखानदारी व कारागिरी यांचाही विचार सुशिक्षितांपुढे मांडला. तेव्हा त्यांच्या पंक्तीतून आम्हांला कोणी उठवणार नाही, असा भरवसा धरून आम्ही बोलायला उभे आहोत.

विषय खिशात मावणारा असल्यामुळे आम्ही तो बरोबरच आणला आहे. हा पाहा. करड्या कागदाचा, दोन बोटे रुंदीचा तुकडा. मध्ये एक मोठे भोक, बाजूंना दोन लहान. इंग्रजीत याला गॅस्केट म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री त्याला पॅकिंग म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरू. या तुकड्यापायी गेल्या आश्विनात दोन खाचरांतले भात आडवे झाले. ते कसे झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल, एवढेच आज सांगायचे आहे.

वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीत आमचे जाणे-येणे आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पण सत्तर वर्षांची जीभ एकदम वळत नाही, म्हणून आम्ही वेल्हेच म्हणतो. त्या वाडीत आमच्या शेजारच्या वहिनींची डोंगरउताराला चार खाचरे आहेत. त्यांत इंद्रायणी होते. थोरला मुलगा शिरवळच्या कारखान्यात, धाकटा पुण्यात. पूर्वी कापणीला सावड असे. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, असे करीत सगळ्यांची भाते निघत. आता सावडीला यायला घरोघरी माणसेच उरली नाहीत. म्हणून मुलांनी मिळून आईला गवत कापायचे यंत्र घेऊन दिले. खांद्यावर पट्टा, लांब दांडी, टोकाला फिरते पाते आणि पाठीमागे लहानसे पेट्रोलचे इंजिन. पावसाळ्यात त्याने बांधावरचे गवत काढायचे आणि आश्विन-कार्तिकात पात्यावर पत्र्याची पाख बसवून भात कापायचे. बागाईत लोक हिरवळ कापायला जे यंत्र ढकलत नेतात, त्याचेच हे डोंगराळ भावंड. दोघांच्या इंजिनांचे आजार सारखेच.

कापणीचा दिवस ठरला आणि यंत्र रुसले. चोक ओढला की चाले, चोक सोडला की बंद पडे. आम्ही हौसेने खोलून पाहिले. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला काळा ठोकळा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन कागद; त्यातला एक वाळून तडकलेला. दुखणे सापडले, असे वाटून आम्ही आनंदाने भोरला आलो. पहिल्या दुकानदाराने यंत्राचे नाव विचारले आणि सांगितले, "काका, ह्याचं पॅकिंग सुटं येत नाही. अख्खा कार्बोरेटर घ्यावा लागेल. साडेआठशे. आणि चार दिवस थांबावं लागेल." दुसऱ्याने सल्ला दिला, "आता ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी. ने स्वारगेट गाठले आणि नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या दुकानांची तिथे रांगच आहे. एका दुकानात यंत्राचे नाव सांगितल्यावर पॅकिंगांचे एक पाकीट मिळालेही. ते घेऊन संध्याकाळी वाडीवर परतलो, तर बोल्टांच्या दोन भोकांतले अंतर दोन मिलिमीटरने चुकलेले. ही चूक दुकानदाराची नव्हे, आमचीच. नाव सांगितले, पण जुना कागद दाखवायला नेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडे ढग जमू लागले. नशिबाने पॅकिंगचा थोडा कोरा कागद आम्ही पुण्याहून आणला होता. कात्रीने तो कापला, भोके पाडली, बसवला. रबरी फुगा दाबून दोरी ओढली. यंत्र सुरू झाले, पाच-सहा सेकंद चालले आणि बंद पडले. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आम्ही प्लग पुसला, जाळी धुतली, पेट्रोल बदलले. दुपार गेली. दिवस कलताना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा वाडीतला एक मुलगा सुटीवर आला होता, तो डोकावला. त्याने जुना कागद आणि आमचा कागद एकावर एक धरून उजेडाकडे केला आणि म्हणाला, "काका, जुन्याला चार भोकं आहेत. तुमच्याला तीनच."

चौथे भोक मुगाच्या दाण्याहून लहान होते. आम्ही ते फाटके समजून सोडून दिले होते. दाभणाने ते पाडले आणि यंत्र एका दमात चालू झाले. अंधार पडेपर्यंत दोन खाचरे निघाली. रात्री पाऊस आला. उरलेली दोन खाचरे सकाळी भुईसपाट होती आणि चार दिवसांनी पाणी ओसरेपर्यंत लोंब्यांना मोड फुटले होते. वहिनींनी तो कागद हातात घेऊन पाहिला आणि एवढेच विचारले, "भावजी, एवढ्याशा कागदापायी व्हय?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर कार्बोरेटर म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे.

पेट्रोल हे पातळ स्वरूपात नीट जळत नाही. त्याची हवेत वाफ व्हावी लागते. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. मापाने सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हे प्रमाण राखणे हेच कार्बोरेटरचे काम. ते तो कसे करतो? आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डासांवर फ्लिट मारायचा हातपंप पाहिला असेल. दट्ट्या रेटला की हवा अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते आणि खालच्या डब्यातले औषध नळीतून आपोआप वर ओढले जाऊन तुषार उडतात. वाहता प्रवाह अरुंद जागी वेगाने जातो आणि तिथे त्याचा दाब घटतो, हा नियम स्वित्झर्लंडच्या डॅनियल बर्नुली याने १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडला. इटलीच्या व्हेंतुरीने पुढे १७९७ मध्ये अरुंद गळ्याच्या नळीतला प्रवाह अभ्यासला, म्हणून त्या गळ्याला त्याचे नाव पडले. आणि १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख याने व हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने पेट्रोलचे तुषार उडवणारा कार्बोरेटर सिद्ध केला. वहिनींच्या यंत्रावरचा अंगठ्याएवढा कार्बोरेटर त्याच कुळातला.

आता यात पॅकिंगचे स्थान पाहा. इंजिन हवा ओढते ती कार्बोरेटरच्या गळ्यातून. ती सगळी त्याच वाटेने आली तरच पेट्रोलचे प्रमाण बरोबर बसते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून केसभर फटीने चोरवाटेने हवा आत शिरली, तर तिने बरोबर पेट्रोल आणलेले नसते. मिश्रण पातळ होते. चोक ओढला की पुढची वाट आवळली जाते, पेट्रोल जास्त ओढले जाते आणि यंत्र कसेबसे चालते. चोक सोडला की पुन्हा उपाशी. म्हणून चोकवर चालणारे आणि चोक सोडताच बंद पडणारे यंत्र दिसले, की दोन गोष्टींचा संशय घ्यावा: पेट्रोलचे बारीक छिद्र तुंबले आहे, किंवा जोडातून हवा शिरते आहे. खात्री करायची सोपी रीत अशी. यंत्र हळू चालू ठेवून जोडाच्या कडेने ब्रशाने थोडे इंजिनऑइल लावावे. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच जाते. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. ते कधीही करू नये. तापल्या यंत्रावर त्याचा भडका उडतो.

नुसते बंद पडले तर एक वेळ बरे. खरा धोका पुढेच आहे. खांद्यावरची बहुतेक यंत्रे टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळी तेलाची टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्यांचे वंगण. मिश्रण पातळ झाले म्हणजे पेट्रोल कमी झाले, आणि पेट्रोल कमी झाले म्हणजे तेलही कमी झाले. त्यातच पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते. तापलेला, कोरडा पिस्टन नळकांड्याला ओरखडे पाडतो आणि शेवटी चिकटून बसतो. मग कागद बदलून भागत नाही, इंजिनच बदलावे लागते. तुटका कागद असताना चोकवर चालवून घेऊ, दोनच खाचरे राहिली आहेत, असे म्हणणारा शेतकरी नकळत अख्खे यंत्र पणाला लावतो.

आणि ते चौथे भोक? टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत आणायला या यंत्रात एक पातळ पडदा असतो. इंजिनच्या पोटातला दाब दर फेऱ्याला कमी-जास्त होतो. तो ठोका एका बारीक वाटेने येऊन पडद्याला हलवतो आणि पडदा पेट्रोल ओढतो. ती वाट आमच्या कागदाने बंद केली होती. फुगा दाबून भरलेले पेट्रोल संपेपर्यंत यंत्र चाले, मग उपाशी मरे. ज्या यंत्रांत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असतो, त्या पंपसेटच्या किंवा ढकलायच्या यंत्रांत बहुधा हे भोक लागत नाही, कारण तिथे पेट्रोल आपल्या वजनानेच उतरते. म्हणून नियम एकच: जुना कागद कितीही फाटका असो, त्यावरचे प्रत्येक भोक कशासाठी आहे हे कळेपर्यंत तो टाकू नये.

आता खर्चाकडे वळू. कार्बोरेटरच्या अंगात तीन प्रकारची पॅकिंगे असतात आणि तिघांना एकच उपाय लागू नाही. पहिला, जोडावरचा कागद: हा घरी करता येतो. दुसरे, पेट्रोलच्या वाटीभोवतालचे रबरी कडे: ते मापाने विकत मिळते. तिसरा, तो हलणारा पडदा: तो घरी करायच्या फंदात पडू नये. त्याची जाडी, लवचिकपणा आणि मधली टिकली यांवर सगळे अवलंबून असते. तो विकतच घ्यावा. पण विकत घेताना अख्ख्या कार्बोरेटरची गरज नसते. पडदे आणि कागद यांचे पाकीट निराळे मिळते.

ते मिळत नाही असे आपल्याला वाटते, याचे कारण आपण यंत्राच्या नावाने विचारतो. बाजारात यंत्रांची नावे पन्नास असली तरी त्यांची घराणी थोडी आहेत. पंपाला आणि पॉवर वीडरला लागणारी पुष्कळशी फोर-स्ट्रोक इंजिने एका प्रसिद्ध जपानी कंपनीच्या नमुन्यावर बेतलेली असतात. खांद्यावरच्या ४३ आणि ५२ सी. सी. च्या टू-स्ट्रोक यंत्रांचेही तसेच. रंग वेगळा, पाटी वेगळी, आतले पुष्कळसे अंग तेच. म्हणून दुकानात जाताना तीन गोष्टी न्याव्या: कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेली अक्षरे आणि आकडे उतरवून, बोल्टांच्या भोकांतले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजून, आणि जुना कागद वहीच्या पानांत दाबून. असे केल्यावर त्याच नाना पेठेत आम्हांला पडद्यासकट पाकीट दीडशे रुपयांच्या आत मिळाले. साडेआठशे कुठे आणि दीडशे कुठे!

जोडावरचा कागद तर याहून स्वस्त. पॅकिंगचा तेल न पिणारा कागद तावाने मिळतो आणि एका तावात वाडीतल्या सगळ्या यंत्रांची सोय होते. जुन्या कागदाएवढीच जाडी घ्यावी. मोजायला साधन नसेल तर छपाईच्या साध्या कागदाचे दहा ताव एकत्र धरावे. ते सुमारे एक मिलिमीटर होतात, पाच ताव म्हणजे अर्धा. कापण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी धातूच्या तोंडावर काजळी किंवा ग्रीस हलके पुसून कागद त्यावर दाबावा, म्हणजे छाप उठतो. मग प्रथम बोल्टांची भोके पाडावी, त्यांत बोल्ट घालून कागद जागेवर बसतो की नाही ते पाहावे, नंतर मधले मोठे भोक, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. आधी कड कापणाऱ्याची भोके सरकतात, हा अनुभव आम्ही एक ताव वाया घालवून विकत घेतला आहे. कचेरीतल्या पंचाचे भोक सहा मिलिमीटरच्या आसपास असते. पाच मिलिमीटरच्या बोल्टाला ते उत्तम चालते. मधले भोक गळ्याहून लहान ठेवू नये, नाहीतर कागदाची झालर हवेच्या वाटेत लोंबते. बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावे. जोर लावला की हवा अडेल ही समजूत खोटी. जोराने कार्बोरेटरचे मऊ कान वाकतात आणि फट उलट वाढते.

काय वापरू नये, हेही सांगायला हवे, कारण नडीला माणूस हाताला येईल ते वापरतो. सायकलच्या ट्यूबचे रबर पेट्रोलमध्ये फुगते. आज बसवलेले कडे आठ दिवसांत वाटीच्या बाहेर येते. वहीचा पुठ्ठा पेट्रोल शोषतो आणि मऊ पडतो. गाळणीच्या, म्हणजे हवेच्या बाजूला एक दिवस निभावेल, गरम बाजूला नाही. नळीतून निघणारा सिलिकोनचा लगदा पेट्रोलच्या जोडाला लावू नये. तो सुटतो आणि त्याचा कण बारीक छिद्रात जाऊन बसतो. आणि एक इशारा गांभीर्याने द्यायचा आहे. जुन्या यंत्रांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी कॅन्सरसारखे रोग होतात. वडिलांच्या काळातले इंजिन खोलायचे असेल, तर चिकटलेले पॅकिंग कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे आणि फुंकर मारू नये.

आणखी एक नवे कारण या लहान यंत्रांच्या मुळावर आले आहे. २०२२ साली आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल उसापासून होते, महाराष्ट्राला त्याचा फायदा आहे, परदेशी तेलावरचा खर्च वाचतो. या धोरणाशी आमचे भांडण नाही. पण इथेनॉलचे तीन स्वभाव ओळखून असावे. ते हवेतले पाणी ओढते. काही जुन्या रबरांना ते फुगवते किंवा कडक करते. आणि त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते: किलोला पंधरा नव्हे, नऊच किलो. म्हणजे पूर्वीच्या पेट्रोलवर बेतलेल्या कार्बोरेटरमध्ये हे मिश्रण आधीच थोडे पातळ होते, आणि त्यात पॅकिंग गळके असेल तर दुष्काळात तेरावा महिना. नव्या मोटारींना याची जुळवाजुळव करता येते. वहिनींच्या यंत्राला येत नाही. वेल्ह्याच्या पावसात, ओल्या पडवीत, टाकीत दोन महिने पेट्रोल राहिले तर तळाला पाणी बसते आणि वाटी गंजते. उपाय फुकटचा आहे. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. ही एक सवय निम्मी पॅकिंगे वाचवील, असा आमचा अंदाज आहे.

इतका वेळ आपण कागदाविषयी बोललो. आता तो कागद मिळत का नाही, याविषयी थोडे.

गावगाड्यात शेतकऱ्याची अवजारे दुरुस्त करायला सुतार-लोहार असत आणि मोटेचे कातडे शिवायला चर्मकार. त्यांना बलुते मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, आणि ती गेली यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती: नांगर करणारा आणि नांगर दुरुस्त करणारा यांच्यामध्ये हजार मैलांचे अंतर नव्हते. मोट फाटली तर नवी मोट घ्या असे कोणी सांगत नसे. चर्मकाराच्या हातातली रापी आणि आरी ही पॅकिंग कापण्याचीच हत्यारे आहेत, हे आम्हांला तिसऱ्या दिवशीच्या दुपारी, कात्रीने बोटे कापून घेताना कळले.

दुरुस्ती हे हलके काम आहे, ही समजूत तर आपल्याच इतिहासाला धरून नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकल दुरुस्तीचे दुकान काढले; तिथून लोखंडी नांगर झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कूपरच्या कारखान्यात १९३३ साली डिझेल इंजिन तयार झाले. देशातले ते पहिले समजले जाते. जी माणसे दुसऱ्याचे यंत्र खोलतात तीच पुढे स्वतःचे यंत्र करतात. खोलण्याची वाट बंद केली तर करणारेही निपजणार नाहीत.

जगातही आता हा प्रश्न उठला आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०२३ साली कायदा केला, की शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग, हत्यारे आणि माहिती कारखानदाराने शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यावी. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. तिने आरंभी जी चार क्षेत्रे निवडली त्यांत शेतीची अवजारे आहेत. ही चांगली सुरुवात आहे. तथापि समितीचा कागद आणि पॅकिंगचा कागद यांत फरक हा, की दुसरा कापणीच्या आधी हातात पडावा लागतो. यंत्र घ्यायला शासन अनुदान देते आणि शेतकरी आनंदाने यंत्र घेतो. पण यंत्राबरोबर दोन पॅकिंगे, एक पडदा आणि भागांचा मराठी तक्ता द्यावा, अशी अट त्या अनुदानाला जोडता येणार नाही काय? आमच्या मते सहज येईल, आणि त्याचा खर्च अनुदानाच्या मानाने नगण्य आहे.

१८४१ साली इंग्लंडात व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने स्क्रूचे आटे सगळीकडे एकाच मापाचे असावे अशी सूचना केली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला लागत नसे. आज आपण भोरमध्ये बोल्ट घेतो आणि तो महाडला बसतो, यामागे ती सूचना आहे. लहान यंत्रांच्या पॅकिंगांचीही अशी चार-सहा मापे ठरावी, ही मागणी अवास्तव नाही.

पण दिल्लीकडे बोट दाखवून हात झटकावे, यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. या सभागृहातल्या मंडळींना करता येतील अशी तीन कामे आम्ही सुचवतो.

पहिले, नमुन्यांची वही. आपल्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. ज्याचे यंत्र खोलले जाईल त्याने जुन्या पॅकिंगची बाह्यरेषा आणि सगळी भोके त्यात पेन्सिलीने उतरवावी. शेजारी यंत्राचे नाव, कार्बोरेटरवरचे आकडे, कागदाची जाडी आणि कोणते भोक कशासाठी हे लिहावे. दोन वर्षांत भोर-वेल्ह्यातल्या बहुतेक यंत्रांचा कोश तयार होईल. आमच्या वहिनींच्या यंत्राचा नमुना, चौथ्या भोकासकट, आम्ही आज बरोबर आणला आहे. तो पहिल्या पानावर लावावा.

दुसरे, हत्यारांची पेटी. पॅकिंग कागदाचे दोन-तीन जाडीचे ताव, वेगवेगळ्या मापांचे पंच, लाकडाचा ठोकळा आणि रबरी कड्यांचा डबा. हे सगळे एका नव्या कार्बोरेटरच्या दोन-तीन पट किमतीत बसते, आणि विकास सोसायटीला किंवा बचतगटाला ते जड नाही. पेटी भोरला एक आणि वेल्ह्याला एक असावी, कारण तडकलेला कागद घेऊन पाबे घाटातून पुण्याला जाणे आणि परत येणे यात जो दिवस मोडतो त्याची किंमत कोणी धरत नाही.

तिसरे, वैशाखातली तपासणी. आवणी आषाढात, कापणी आश्विनात. यंत्र बिघडल्याचे कळते ते मात्र नेमके त्या दिवसांत. आता व्याख्यानमालेचे दिवस आहेत, मृगाला अवकाश आहे. एका रविवारी बाजारपेठेत चार टेबले मांडावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या मुलामुलींना बोलवावे आणि ज्याने त्याने आपले यंत्र आणावे. मुलांना हात साफ करायला मिळेल आणि शेतकऱ्याला आश्विनात झोप लागेल. ज्या मुलाने आमचे चौथे भोक दाखवले त्याला आम्ही विचारले, "हे तुला शाळेत शिकवलं का रे?" तो म्हणाला, "नाही काका, जुनं टाकायच्या आधी नव्याशी लावून बघायचं, एवढं शिकवलंय." आम्हांला वाटते, एवढे पुष्कळ आहे.

वहिनींना यंदा आम्ही कापलेली चार पॅकिंगे नेऊन दिली आहेत. त्यांनी ती तेलात पुसून, देवघराच्या फळीवर औषधाच्या डबीत ठेवली आहेत. धाकट्या मुलाने चेष्टा केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हसू नको. दोन खाचरं गेलीत ह्याच्यापायी."

 नमुन्याचा कागद चिटणिसांच्या स्वाधीन करतो आणि आमचे भाषण संपवतो.